किती वाजता, कुठल्या दिशेला?

कॅनडातल्या एडमंटनहून मी ऑरोराचा, म्हणजे उत्तरेकडच्या रात्रीच्या आकाशात रंगणाऱ्या उजेडाचा, फोटो पाठवला की घरच्या ग्रुपवर आधी फुलं येतात, मग जोडलेले हात, मग ‘अप्रतिम’. मामी विचारते, थंडी किती होती आणि कानाला काही बांधलं होतंस का. काकांचं उत्तर सगळ्यात शेवटी येतं आणि दर वेळी तेच असतं. "किती वाजता? कुठल्या दिशेला?"

हे काका म्हणजे अलिबागचे आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या अंगणाच्या मध्ये जास्वंदीचं कुंपण होतं आणि माझ्या ये-जा करण्यामुळे ते एका जागी कायमचं मोडलेलं होतं. काका चुंबकीय वेधशाळेत नोकरीला होते. आता ८७ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत, आणि फोन हातभर लांब धरून ते माझा फोटो बघतात, असं त्यांची नात सांगते. सुरुवातीला मला त्यांच्या प्रश्नाचं वाईट वाटायचं. उणे २८ मध्ये तीन तास उभं राहून काढलेला फोटो, त्याला एकदा ‘छान’ म्हणायला काय हरकत होती? आता त्यांचा प्रश्न आला नाही तर फोटो पोचलाच नाही असं वाटतं.

अलिबागला येणारी माणसं समुद्र बघतात, ओहोटीला कुलाबा किल्ल्यात जाऊन येतात, पोह्याचे पापड घेऊन परत जातात. वेधशाळेकडे सहसा कुणी वळत नाही. पण मुंबईत कुलाब्याला १८२६ साली उभ्या राहिलेल्या वेधशाळेची ती पुढची पिढी आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथे १८४० च्या दशकापासून होत होत्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाच्या शेजारी चुंबकाची सुई खरं बोलत नाही. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. त्यांनी मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागची जागा निवडली आणि १९०४ पासून तिथे काम सुरू झालं. कुलाब्याची वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात आली, असं काका म्हणायचे; आमच्या जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ साली. मूस यांची एक गोष्ट मला फार आवडते. नवी जागा चालू झाली म्हणून जुनी त्यांनी लगेच बंद केली नाही. दोन वर्षं दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं, जुन्या आकड्यांना नवे आकडे नीट जोडता यावेत म्हणून.

मोजमापाच्या खोलीत लोखंड चालायचं नाही. किल्ल्यांचा जुडगा, चाकू, पट्ट्याचं बक्कल, सगळं बाहेर ठेवून आत जायचं. आत काळोख. टांगलेल्या चुंबकाला चिकटवलेला इवलासा आरसा, त्यावर पडणारा दिव्याचा बारीक किरण, आणि समोर सावकाश फिरणाऱ्या रुळावर गुंडाळलेला फोटोचा कागद. चुंबक केसभर हलला तरी आरसा हलायचा, किरण सरकायचा आणि कागदावर रेघ उमटायची. तो कागद काळोख्या खोलीत धुवायचा, वाळवायचा, त्यावर तारीख घालायची. काका हे काम करत. म्हणजे आमच्या आळीत फोटो काढणारा पहिला माणूस तेच, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मार्च १९८९. माझी चौथीची परीक्षा जवळ आलेली. काका संध्याकाळी उशिरा घरी आले आणि ओट्यावर टेकता टेकता काकूला म्हणाले, "मोठं वादळ झालं." मी तिथेच पाढे म्हणत बसले होते. मी माडांकडे बघितलं. एक झावळी हलत नव्हती.

"काका, वारा कुठे होता?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान फाडलं, उलटं केलं आणि पेन्सिलीने रेघ काढायला लागले. रेघ बराच वेळ सरळ गेली. मग तिने एक छोटीशी उडी घेतली आणि मग जी उतरायला लागली, ती खाली, आणखी खाली, पानाच्या कडेला लागेपर्यंत.

"हे वादळ सूर्यावरनं येतं, बाय. आपल्याला वारा लागत नाही. पण पार उत्तरेला आभाळ रंगलं असेल."

"तुम्ही बघितलंय?"

"नाही गं. मी रेघ बघतो."

त्याच वादळात १३ मार्चला कॅनडाच्या क्युबेक प्रांतातली वीज गेली आणि ६० लाख माणसं नऊ तास अंधारात राहिली, हे मी वाचलं तेव्हा कॅनडातच राहत होते.

मी पहिल्यांदा ऑरोरा बघितला तेव्हा तो मला कळलाच नाही. २०१२ चा हिवाळा. आमच्या इमारतीच्या मागे गाड्या लावायच्या जागेत उभी होते आणि उत्तरेला एक राखाडी पट्टा दिसला. ढग असेल म्हणून मी वर निघाले होते. शेजारी उभ्या असलेल्या मुलाने कॅमेऱ्याची पाठ माझ्याकडे वळवली आणि तो पट्टा त्या छोट्या काचेत हिरवा होता. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. कॅमेऱ्याला ती अडचण नाही. तो आठ-दहा सेकंद दार उघडं ठेवून उजेड साठवत बसतो. काकांनी पानाच्या पाठीवर काढलेली रेघ मला त्या क्षणी आठवली. पुढच्याच महिन्यात मी ट्रायपॉड घेतला.

शहराच्या पूर्वेला पाऊण तासावर एल्क आयलंड नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. बायसनसाठी प्रसिद्ध. २००६ पासून तो सगळा टापू दिव्यांच्या उजेडापासून राखलेलं आकाश म्हणून जपला जातो. तिथल्या ॲस्टोटिन तलावाचा काठ ही माझी जागा. हिवाळ्यात तलाव गोठतो आणि रात्री बर्फ आतून आवाज करतो, लांबलचक तार छेडल्यासारखा. ही भूमी क्री या इथल्या मूळ रहिवाशांची. त्यांच्याकडे हा प्रकाश म्हणजे गेलेल्या माणसांचं नृत्य. त्याच्याकडे बघून शीळ घालायची नाही असं सांगतात. मी घालत नाही.

इथे मी जे शिकले ते हाताने शिकले. फोकस आपोआप लागत नाही, काळोखात लेन्स चाचपडत राहते. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवरही विसंबायचं नाही. मागच्या पडद्यावर एक ठळक तारा घ्यायचा, तो दहापट मोठा करून बघायचा आणि लेन्सची कडी इतकी हळू फिरवायची की तारा फुगलेल्या लाहीचा मोहरीचा दाणा व्हावा. मग कडीवर चिकटपट्टी लावायची. हे करताना हातमोजा काढावा लागतो आणि धातूला बोट लागलं की ते चटका बसल्यासारखं मागे येतं. श्वास बाजूला सोडायचा, नाहीतर लेन्सवर लगेच बर्फाची साय धरते. जादा बॅटऱ्या छातीजवळच्या खिशात ठेवायच्या, कारण थंडीत त्या बघता बघता मान टाकतात. आणि परतताना कॅमेरा गाडीत बसायच्या आधी पिशवीत बंद करायचा, घरी गेल्यावरही दोन तास उघडायचा नाही. गरम हवा लागली की आतून-बाहेरून दव सुटतं. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी दारातच पिशवी उघडली होती आणि ती लेन्स पुढे दोन आठवडे तांदळाच्या डब्याशेजारी वाळत पडली होती.

एका रात्री मला वाटलं, आता सगळं जमलं. आकाशभर हिरवे पडदे, खाली बर्फावर त्यांचा उजेड. घरी येऊन फोटो उघडले तर प्रत्येकाच्या बरोबर मध्यभागी एकात एक वर्तुळं, पाण्यात खडा टाकल्यासारखी. ऐंशी फोटोंत ऐंशी वेळा. लेन्स बिघडली असं समजून मी ते इथल्या हौशी मंडळींना दाखवले. त्यांत एक निवृत्त शेतकरी आहेत, आयुष्यभर गहू आणि कॅनोला पिकवलेले. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणते. ते एवढंच म्हणाले की लेन्सला चरा जाऊ नये म्हणून जी काच लावली आहेस ती काढ. पुढच्या खेपेला त्यांनी काठावर उभं राहून कारणही सांगितलं. त्या चपट्या काचेच्या दोन बाजूंवरून उजेड आपटून परततो आणि आपल्याशीच भिडतो. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात म्हणून ते लपून जातं. ऑरोराचा हिरवा मात्र जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, ५५७.७ नॅनोमीटर, म्हणून वर्तुळं उघडी पडतात. मी त्या फोटोंकडे पुन्हा बघितलं. ती वर्तुळं म्हणजे ऑक्सिजनच्या अणूची सही होती. ते ऐंशी फोटो मी पुसलेले नाहीत.

फोटो दाखवण्याबद्दलचं माझं मत त्या दिवसापासून बदलायला लागलं. आधी मी चांगले निवडून दाखवत असे. आता फसलेलेही दाखवते, कारण शिकणं त्यांतूनच झालं.

रंगाचं मात्र मला काकांनी शिकवलं. एकदा मी संगणकावर हिरवा रंग बराच चढवला आणि फोटो पाठवून दिला. फुलं, हात, अप्रतिम, सगळं नेहमीपेक्षा जास्त आलं. काकांनी त्या दिवशी वेळ नाही विचारली. त्यांनी विचारलं, "एवढा हिरवा असतो का गं? भाताच्या रोपासारखा?" मी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग खरं ते लिहिलं : डोळ्यांना तांदळाच्या धुवणासारखा दिसला, त्यात जराशी हिरवट झाक. काकांचं उत्तर लगेच आलं, "हां. हे लिही फोटोखाली." तेव्हापासून मी प्रत्येक फोटोखाली डोळ्यांना काय दिसलं तेही लिहिते. रंग चढवलेले फोटो बघून लांबून आलेली माणसं माझ्या शेजारी उभं राहून खऱ्या ऑरोराकडे बघत ‘एवढंच?’ म्हणताना मी ऐकली आहेत. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या उजेडाला आपल्या डोळ्यांपर्यंत यायला इतकं सगळं जुळून यावं लागतं, तो आपल्याच चढवाचढवीमुळे एखाद्याला कमी वाटावा, हे मला सहन होत नाही.

आणि जुळून यावं लागतंच. सूर्यावरून सुटलेले विद्युतभारित कण, म्हणजे सौरवारा, आपल्याकडे येतात आणि स्वतःसोबत सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही ओढून आणतात. ते क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं तर पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची गाठ पडते आणि वाट उघडते. उत्तरेकडे वळलेलं असलं तर आपण काठावर चहा पीत बसायचं. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला, उपग्रह बसवलेले आहेत. ते ही दिशा सांगतात आणि आपल्याला १५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत सवड मिळते. आपलं आदित्य एल-१ जानेवारी २०२४ मध्ये त्याच भागात जाऊन पोचलं, त्या दिवशी काकांनी मला आपणहून फोन केला होता. शेवटचा इशारा मात्र जमिनीवरून येतो. इथलं अल्बर्टा विद्यापीठ चुंबकमापकाच्या नोंदी बघून पिवळा किंवा लाल इशारा पाठवतं. माझा फोन रात्री अकराला वाजतो आणि मी जॅकेट चढवते, ते कुठल्यातरी खोलीत एक रेघ हलली म्हणून.

वर्षातल्या दोन वेळा विशेष असतात, मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा. पृथ्वीचा आणि सौरवाऱ्याच्या क्षेत्राचा कोन तेव्हा सोयीचा पडतो. आमच्याकडे ते होळी आणि नवरात्राच्या आगेमागे येतं. एका घटस्थापनेच्या रात्री मी तलावावर होते आणि घरी समई नवऱ्याने सांभाळली.

रंग उंचीप्रमाणे ठरतात. साधारण १०० ते १५० किलोमीटरवर ऑक्सिजनचा हिरवा, २०० च्या वर त्याच ऑक्सिजनचा लाल. हिरवा उजेड टाकायला अणूला सेकंदाहून कमी वेळ लागतो, लाल टाकायला जवळजवळ दोन मिनिटं. खाली हवेची गर्दी असल्याने दोन मिनिटं कुणी निवांत बसू देत नाही, कुणीतरी येऊन धडकतंच. म्हणून लाल फक्त उंचावर. फोटो काढणाऱ्याला हे हातात दिसतं. लाल संथ असतो, त्याला दहा सेकंद दिले तरी चालतात. हिरवा पडदा नाचायला लागला की दोन-तीन सेकंदांवर यावं लागतं, नाहीतर त्याच्या सगळ्या निऱ्यांचा लगदा होतो.

अल्बर्टात हौशी मंडळींचा ‘अल्बर्टा ऑरोरा चेसर्स’ नावाचा मोठा गट आहे. या लोकांना कित्येक वर्षं एक जांभळट, अरुंद पट्टा फोटोत सापडत होता, पूर्व-पश्चिम ताणलेला, नेहमीच्या ऑरोरापासून सुटा, दक्षिणेला. ते त्याला ‘प्रोटॉन आर्क’ म्हणत. २०१६ मध्ये कॅल्गरीतल्या एका पबमध्ये त्यांनी ते फोटो कॅल्गरी विद्यापीठाच्या एरिक डोनोव्हन यांच्यासमोर ठेवले. ते म्हणाले, प्रोटॉनमुळे येणारा उजेड डोळ्यांना असा दिसत नाही, हे दुसरंच काहीतरी आहे. नाव नव्हतं म्हणून गटातल्या क्रिस रॅट्झलाफ यांनी ‘स्टीव्ह’ सुचवलं. एका ॲनिमेशनपटात प्राणी अनोळखी कुंपणाला भीती वाटू नये म्हणून असंच नाव देतात. मला ते नाव फार आवडतं. आपल्याकडेही घरात शिरलेल्या अनोळखी मांजराला आधी नाव ठेवतात, मग दूध.

पुढे युरोपचे ‘स्वॉर्म’ उपग्रह अशाच एका पट्ट्यातून गेल्याचं सापडलं. आत तापमान ३००० अंशांनी जास्त आणि सुमारे २५ किलोमीटर रुंदीचा वायूचा झोत सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे धावणारा. मार्च २०१८ मध्ये नासाच्या एलिझाबेथ मॅक्डोनल्ड यांच्या नेतृत्वाखाली शोधनिबंध आला आणि त्याच्या लेखकांत फोटो काढणाऱ्या हौशी लोकांची नावं होती. उपग्रह क्षणात एखादं ठिकाण ओलांडून जातो. त्याची नोंद कुणाच्या फोटोशी जुळवायची तर त्या फोटोवर वेळ हवी आणि दिशा हवी. हे वाचलं त्या रात्री मी काकांना लिहिलं, तुम्ही विचारता तेच सगळ्यांनी विचारलं. त्यांचं उत्तर : "मग? तू काय समजलीस?"

त्यानंतर मी आणि आजोबांनी एक प्रयोग करायचा ठरवलं. नॉर्वेच्या कार्ल स्टोर्मर यांनी शंभर वर्षांपूर्वी केलेला. ऑरोराचे पहिले फोटो १८९२ च्या हिवाळ्यात नॉर्वेतच निघाले होते, पण स्टोर्मर यांनी दोन लांबच्या ठिकाणी कॅमेरे ठेवले, मध्ये टेलिफोन, आणि एकाच क्षणी दोन्हीकडे फोटो. एकच पडदा दोन जागांवरून वेगवेगळ्या ताऱ्यांसमोर दिसतो. तो फरक मोजला की उंची निघते. त्यांनी असे हजारो फोटो जमवले आणि ऑरोरा शंभर किलोमीटरच्या खाली फारसा येत नाही हे दाखवलं.

मी तलावावर, आजोबा ६० किलोमीटर लांब त्यांच्या शेतावर. दोघांनी रात्रभर फोटो काढले. दुसऱ्या दिवशी जुळवायला बसलो तर काहीच जुळेना. एकसारखी दिसणारी घडी सापडावी आणि वेळ भलतीच निघावी. शेवटी एका आगगाडीच्या दिव्यावरून उलगडलं. ती दोघांच्याही फोटोंत क्षितिजावर होती, आणि तिच्या येण्याच्या वेळेवरून कळलं की माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. किती वर्षं मागे होतं कोण जाणे. काकांना मी इतके दिवस जी जी वेळ सांगितली ती सगळी सात मिनिटांनी चुकली असणार. हे त्यांना कळवताना मला खरोखर अपराधी वाटलं. त्यांनी रागावून नाही, पण गंभीरपणे सांगितलं की आता सगळ्या जुन्या फोटोंच्या नोंदींत ‘घड्याळ संशयास्पद’ असं लिही, आकडा दुरुस्त करू नकोस. चुकलेली नोंद खोडायची नसते, तिच्या शेजारी लिहायचं असतं. मी दोन रविवार बसून ते काम केलं.

पुढच्या खेपेला दोघांची घड्याळं सेकंदाला जुळवली. पडद्याची एक नागमोडी घडी दोन्ही फोटोंत सापडली. माझ्याकडे ती एका ताऱ्याला खेटून होती, आजोबांकडे त्याच ताऱ्यापासून चांगली वीतभर दूर. कागदावर त्रिकोण मांडला. घडीची खालची कड शंभर किलोमीटरच्या थोडी वर निघाली. आजोबांनी तो कागद त्यांच्या फ्रिजवर लावला आहे.

काकांना या सगळ्याचा अभिमान आहे, पण त्यांच्या मनातलं सर्वांत मोठं वादळ त्यांच्या जन्माच्या पुष्कळ आधीचं आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये आजवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या वादळांपैकी एक झालं, तेव्हा मुंबईच्या कुलाब्याला माणसं उपकरणापाशी बसून आकडे वाचत आणि लिहीत होती. त्या दिवशी सुई सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) कोसळली. दीडशे वर्षांनी जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद ठरवायला कुलाब्याचीच वही उघडली. आणि ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर खुद्द मुंबईतून ऑरोरा दिसल्याची नोंद आहे. हे मी मोठ्या उत्साहाने काकांना कळवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "आपल्याकडे परत यायला हवा एकदा," एवढंच ते म्हणाले.

मे २०२४. एप्रिलमधल्या ग्रहणासाठी घेतलेला चष्मा मी टाकून दिला नव्हता. त्यातून ८ तारखेला सूर्याकडे बघितलं तर दुर्बिणीशिवायही डाग दिसला, पिकल्या केळ्यावर असतो तसा. पृथ्वीच्या पंधरापट रुंद. १० तारखेला सकाळी अकरा वाजून गेले आणि मी ऑफिसात असताना फोन वाजायला लागला. सूर्यावरून सुटलेल्या वादळाचा पहिला धक्का पोचला होता. ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं सर्वोच्च श्रेणीचं वादळ. पण मे महिन्यात इथे रात्र उशिरा पडते. अकराशिवाय खरा काळोख नाही. तो दिवस मी कसा काढला ते सांगता येत नाही.

तलावाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग होती. लहान मुलं रात्रीच्या कपड्यांवर ब्लँकेट गुंडाळून आलेली. आधी उत्तरेला बघायची सवय, पण त्या रात्री दिशाच उरली नव्हती. डोक्याच्या जरा दक्षिणेला एक जागा होती आणि तिथून सगळीकडे किरणं सुटत होती, शिखराच्या आतून घुमटाकडे बघावं तशी. नुसत्या डोळ्यांनाही लाल रंग लाल दिसत होता. गुलाबी दिसत होता. मी तीन फोटो काढले आणि हात थांबले. मग मी अलिबागला व्हिडिओ कॉल लावला.

तिकडे सकाळचे सव्वाअकरा होत होते. नातीने फोन काकांसमोर धरला. मी माझा फोन आकाशाकडे केला. फोनमध्ये काय दिसत असेल कुणास ठाऊक, बहुतेक तांबूस गढूळ काहीतरी. काका काही क्षण गप्प होते. मला वाटलं आवाज गेला.

"किती वाजलेत?"

"अकरा बेचाळीस. आता घड्याळ बरोबर आहे."

"आणि तोंड कुठे आहे तुझं?"

"वर. पण अगदी डोक्यावर नाही. थोडं दक्षिणेला."

"किती थोडं?"

मी हात लांब करून मूठ धरली, आकाशात मोजलं. "दीड मूठ, काका."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओट्यावरच्या त्या संध्याकाळचा वाटला. "नतीची सुई माहितीय ना? मोकळी टांगली की तिचं टोक तुमच्याकडे जमिनीत घुसतं, उत्तरेला. मग तिचं शेपूट कुठे बोट दाखवेल? वर, जरासं दक्षिणेला. तिथेच बघत्येस तू. ती किरणं चुंबकाच्या रेषा आहेत, बाय. समांतर आहेत सगळ्या. तू बरोबर खाली उभी आहेस म्हणून एका ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतात."

चाळीस वर्षं ज्यांनी लोखंड बाहेर ठेवून काळोख्या खोलीत सुईचा कोन मोजला, ते अलिबागच्या खुर्चीत बसून मला सांगत होते की मी कुठे बघते आहे. मी हो म्हणायचा प्रयत्न केला. शेजारच्या एका लहान मुलीने माझं जॅकेट ओढलं आणि फोनमधल्या आजोबांना हात केला. काकांनीही केला.

त्या रात्री लडाखमध्ये हान्ले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्याने उत्तर क्षितिजावर लाल उजेड टिपला होता. काकांनी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि कात्रणाचा फोटो पाठवला. अर्थात खाली प्रश्न होताच, यात वेळ का दिलेली नाही?

दहा-बारा दिवसांनी नातीकडून आणखी एक फोटो आला. कॅलेंडरचं एप्रिलचं पान, उलट बाजूने. नातीने त्या वादळाचा आलेख संगणकावर काढून दिला होता आणि काकांनी भिंगातून बघत तो पेन्सिलीने उतरवला होता. हात कापतो, त्यामुळे रेघ जागोजाग थरथरली आहे. बराच वेळ ती सरळ जाते. १० तारखेला रात्री १०.३५ ला छोटीशी उडी, मग उतार, थेट दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारापर्यंत. मग ती अडखळत वर चढायला लागते. चढावर एका जागी फुली आहे आणि फुलीशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं आहे : ११.१२ भारतीय वेळ. बाय, तलावावर. दक्षिणेला दीड मूठ.